कमिटीवर उभं राहण्याआधी घरात एक प्रश्न विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वाचकाने लिहिलं आहे. वय 46, बँकेत अधिकारी, घराण्यातली ख्रिस्ती चौथी पिढी. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. स्वतः दारू-तंबाखूला शिवत नाहीत, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देणं) चुकवत नाहीत, संडे स्कूलमध्ये शिकवतात, रोज रात्री घरात कौटुंबिक प्रार्थना घेतात. पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे स्थानिक मंडळीचा (चर्चच्या सभासदांचा) कारभार पाहणाऱ्या समितीच्या, निवडणुकीत त्यांनी उभं राहावं असा पाळकांचा आणि जुन्या सभासदांचा आग्रह आहे. फॉर्मवर सही करायच्या आदल्या रात्री पत्नी म्हणाली, "सही करण्याआधी मुलांना एकदा विचारा." घरात 16 वर्षांची मुलगी आणि 11 वर्षांचा मुलगा. मुलगी दोन महिने वडिलांशी कामापुरतं बोलते. एका रात्री प्रार्थनेत वडिलांनी तिचं नाव घेऊन "प्रभू, हिला आज्ञाधारक कर, हिची वाईट संगत सोडव" असं मागितलं. ती उठून आत गेली. वडिलांनी मागे जाऊन हात उचलला. त्यानंतर ती प्रार्थनेला बसलेली नाही. ते लिहितात: "मी रागीट आहे, मान्य. तो माझा स्वभाव आहे. आमचे वडीलही असेच होते आणि आम्ही काही बिघडलो नाही. पण ज्याला आपलं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार, असं पौलाने तीमथ्याला लिहिलंय. मुलगी ऐकत नाही म्हणून मी अपात्र ठरतो का? की आधी तिला वळण लावावं आणि मग उभं राहावं?"

प्रिय बंधू, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पत्नीचं ते एक वाक्य तुम्ही गाळू शकला असता. मुलीवर हात उचलला हेही लिहिलं नसतं तर मला कळलं नसतं. तुम्ही दोन्ही लिहिलंत. म्हणून मी तुमच्याशी आडपडदा न ठेवता बोलते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: घर सांभाळलं की नाही, हे मुलं ऐकतात की नाही यावरून ठरतं. मुलगी ऐकायला लागली की तुम्ही पात्र. म्हणजे परीक्षा तुमची, पण पेपर लिहायचा तिने. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मुलांनी वडिलांच्या आज्ञेत असावं असं आहे, हे खरं. पण ते वाक्य एकटं नाही. तो अध्याय सुरुवातीपासून पुन्हा वाचा. पुढारी कसा असावा याची पौलाने जी यादी दिली आहे, तिच्यात कौशल्य म्हणावं असं जवळजवळ एकच आहे, शिकवता येणं. बाकी सगळं माणसाच्या आतलं आहे. नेमस्त, सभ्य, पाहुण्यांचं स्वागत करणारा, सौम्य, भांडखोर नसलेला, पैशाचा लोभ नसलेला. आणि त्यातच, मद्यपी नसावा याच्या शेजारीच, मारका नसावा असंही आहे. तुम्ही पत्रात पहिल्याच परिच्छेदात दारूला शिवत नाही असं लिहिलंत. त्याच ओळीतला पुढचा शब्द मात्र चौथ्या-पाचव्या वचनावर जाण्याच्या घाईत तुमच्या नजरेतून निसटला.

पौलाने घराचा विषय का काढला असावा? तीमथ्य तेव्हा इफिस या शहरात होता. त्या काळी आजच्यासारखी चर्चची वेगळी इमारत नव्हती. मंडळी घरात जमायची. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी, लावदिकीयात नुंफेच्या घरी, कलस्सैत फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळ्यांचा उल्लेख पौलाच्याच पत्रांत आहे. ज्या ओसरीवर भाकर मोडायची, त्याच ओसरीवर घरधनी मुलांशी, बायकोशी, दासांशी कसा बोलतो हे सगळ्यांना दिसायचं. घरातला माणूस आणि मंडळीतला माणूस असे दोन ठेवायला जागाच नव्हती. आज आपल्याकडे ती जागा आहे. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आपण घरापासून चर्चपर्यंत जातो, आणि तेवढ्या वाटेत आवाज बदलतो. तुमच्या पत्नीने जे म्हटलं ते त्या वाटेबद्दल आहे असं मला वाटतं. तुमच्या मतांबद्दल किंवा विश्वासाबद्दल तिने शंका घेतलेली नाही.

ते इफिस रोमी साम्राज्यात होतं. रोमी कायद्याने बापाला घरातल्यांवर जवळजवळ अमर्याद अधिकार दिला होता. मुलगा कितीही मोठा झाला तरी बाप जिवंत असेपर्यंत तो बापाच्या ताब्यात. त्या काळात इफिसकरांना लिहिताना पौल मुलांना आज्ञा पाळायला सांगतो आणि लगेच बापांकडे वळतो: मुलांना चिडीला आणू नका. कलस्सैकरांना लिहिताना तो कारणही सांगतो, मुलं खचून जातील म्हणून. खचलेलं मूल कसं दिसतं हे त्याला ठाऊक होतं. ते आरडाओरडा करतंच असं नाही. बऱ्याचदा ते कामापुरतं बोलतं.

आता स्वभावाबद्दल. मराठीत आपण किती सहज म्हणतो, स्वभावाला औषध नाही. तुम्हीही तेच लिहिलंत. पण तुम्ही बँकेत आहात. पेन्शनच्या दिवशी काउंटरवर किती लोक काय काय बोलतात, पीककर्जाच्या दिवसांत किती जण आवाज चढवतात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वरचे साहेब टार्गेटवरून चारचौघांत बोलतात तेव्हा तुम्ही काय करता? बहुधा ऐकून घेता. म्हणजे संयम तुमच्यात आहे, रोज आठ तास वापरताही. तो घरी आल्यावर संपतो, कारण घरी त्याची किंमत मोजायला कुणी नाही. बायको बदली करणार नाही, मुलगी तक्रार अर्ज देणार नाही. म्हणून मला तुमचा राग जन्मजात वाटत नाही. जिथे तो काढणं परवडतं तिथे तो निघतो. हे वाचून लागेल, पण यात आशाही आहे. जन्मजात असता तर काही करता आलं नसतं.

येशूने लूकाच्या सहाव्या अध्यायात झाडाचं सांगितलं आहे. चांगल्या झाडाला वाईट फळ येत नाही, आणि अंतःकरणात जे भरलेलं असतं तेच तोंडातून येतं. आपण हे वचन दुसऱ्यांवर लावण्यात पटाईत असतो. पण फळ झाड स्वतः खात नाही. ते कसं लागलं हे खाणाऱ्यालाच सांगता येतं. तुम्ही सौम्य आहात का, हे तुम्ही स्वतः ठरवू शकणार नाही. मीही नाही. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याच्या फळाची यादी तुम्ही संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतली असेलच. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता आणि पुढची. त्यातलं एकही एकट्याने खोलीत बसून सिद्ध करता येत नाही. प्रत्येकाला समोर कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा घरातलंच असतं.

तुम्ही तुमच्याबद्दल जे चांगलं लिहिलंत ते बव्हंशी न करण्याचं आहे. दारू नाही, तंबाखू नाही, लाच नाही, दशांशात चूक नाही. मी त्याची किंमत कमी करत नाही. आपल्या गावांत दारूने किती घरं धुऊन नेली हे पाहिलेल्या बाईला ते ठाऊक आहे. पण मार्काच्या दहाव्या अध्यायात धावत आलेला, गुडघे टेकणारा माणूस आठवा. आज्ञा त्याने लहानपणापासून पाळल्या होत्या. येशूने त्याला खोटं ठरवलं नाही, उलट त्याच्यावर प्रीती केली, आणि मग नेमकी तीच गोष्ट मागितली जी तो हातातून सोडत नव्हता. त्याच्या हातात पैसा होता. तुमच्या हातात काय आहे? मला वाटतं, घरातला शेवटचा शब्द.

त्या रात्रीच्या प्रार्थनेबद्दल जरा जास्त बोलायचं आहे, कारण मारण्यापेक्षाही ती मला जास्त खुपली. आणि ही चूक ख्रिस्ती घरांत इतकी सर्रास होते की आपल्याला ती चूक वाटेनाशी झाली आहे. कौटुंबिक प्रार्थनेत बाप डोळे मिटून देवाशी बोलतो, पण ऐकवायचं असतं मुलाला. "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे." "प्रभू, सुनेला मोठ्यांचा मान ठेवायला शिकव." समोरच्याला उत्तर देता येत नाही, कारण प्रार्थना चालू आहे. मध्ये बोललं तर देवाच्या बोलण्यात बोलल्यासारखं होतं. तुमच्या मुलीला त्या रात्री दोन वाटा होत्या. बसून ऐकणं किंवा उठून जाणं. ती उठली. तुम्ही त्याला बंड म्हणता. 16 वर्षांच्या मुलीचा, तिच्या मैत्रिणींचा आणि तिच्या अब्रूचा निवाडा तिच्या धाकट्या भावासमोर, देवाला साक्षीला ठेवून चालला होता. तिथून उठून जाणारी मुलगी मला बंडखोर वाटत नाही. आणि माझी खरी काळजी वेगळी आहे. तुमचा आवाज आणि देवाचा आवाज तिच्या मनात एक होऊ लागला असेल, तर ती तुमच्यापासून दूर जाताना त्याच्यापासूनही दूर जाईल. पुढे कधी तरुण संघात किंवा एखाद्या शिबिरात कुणी तिला सांगितलं की देव बापासारखा आहे, तर तिच्या डोळ्यांसमोर काय येईल?

"आम्ही बिघडलो नाही" हेही एकदा तपासून पाहा. तुमचे वडील कडक होते. तुम्ही शिकलात, नोकरीला लागलात, चर्चला जाता. पण वडिलांशी तुम्ही मनातलं कधी बोललात? त्यांच्या शेवटच्या वर्षांत तुम्ही त्यांच्याजवळ बसून काय बोलायचात? हे तुम्ही मला कळवायची गरज नाही. मुलांना छडीने वळण लावायला सांगणारं बायबलमधलं नीतिसूत्र मला कुणी ऐकवलं की मी इतकंच म्हणते, ज्या येशूने लहान मुलांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला त्याच्या वागण्याच्या उजेडात ते वाचा.

दावीद राजाची गोष्ट तुम्ही मुलांना शिकवली असेल, गल्याथाची. दुसऱ्या शमुवेलाचे 13 ते 18 हे अध्याय संडे स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही. तुम्ही ते आता, एकट्याने, सलग वाचा. दावीद स्तोत्रं रचणारा, देवाच्या मनासारखा म्हटलेला माणूस. त्याच्या घरात त्याची मुलगी तामार हिच्यावर तिच्या सावत्र भावाने, अम्नोनाने, अत्याचार केला. दावीदाला भयंकर राग आला, असं लिहिलंय. आणि त्या रागातून त्याने काहीच केलं नाही. तामार सख्खा भाऊ अबशालोम याच्या घरी उजाड होऊन राहिली. अबशालोम दोन वर्षं गप्प राहिला आणि मग त्याने अम्नोनाचा खून केला. पळून गेला, तीन वर्षं परमुलखात राहिला. परत आल्यावर यरुशलेमेत, त्याच शहरात, दोन वर्षं बापाने त्याचं तोंड पाहिलं नाही. त्यानंतर बंड झालं, आणि मग तो रडणारा बाप, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर, असं म्हणणारा. एवढं प्रेम होतं, तर ते त्या सात वर्षांत कुठे होतं? दावीदाला सैन्याशी, लेव्यांशी, शत्रूशीही बोलता येत होतं. लेकरांशी बोलता आलं नाही. मी तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. तुमच्या घरात तसं काही घडलेलं नाही. पण दोन महिन्यांची शांतता लहान नसते, आणि ती मोडायची पाळी थोरल्याची असते.

आपल्या जवळचं एक उदाहरण देते. नारायण वामन टिळकांची भजनं आपण रविवारी गातो. त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला विश्वासात न घेता, आणि लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने, घेतला. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत टिळकांचा तापटपणा झाकलेला नाही, त्या दोघांची भांडणंही झाकलेली नाहीत. मोठ्या माणसाच्या घरी सगळं आलबेल असतं असं मी सांगत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या घरात बायको नवऱ्याला तोंडावर सुनावू शकत होती. जिथे घरची माणसं बोलू शकतात तिथे माणूस बदलायची शक्यता जिवंत राहते. तुमच्या पत्नीने ते एक वाक्य बोलायला किती दिवस घेतले असतील, याचा विचार करा.

आता काय करायचं.

यंदा सही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगी ऐकत नाही हे त्याचं कारण नाही. कारण असं की कमिटीत गेलात की सोमवार-गुरुवारच्या बैठका, जमिनीचे वाद, हिशेब, नाताळची वर्गणी हे सगळं मागे लागेल, आणि घरात जो वेळ लागणार आहे तो उरणार नाही. शिवाय आत्ता पद घेतलंत तर पत्नीला आणि मुलीला तुमची बाहेरची प्रतिमा सांभाळायचं आणखी एक ओझं होईल. कमिटीच्या सभासदाच्या घरातलं भांडण बाहेर काढायचं नसतं, हे आपल्या मंडळ्यांत न सांगता शिकवलं जातं. "लोक काय म्हणतील" असं तुम्ही शेवटी लिहिलंत. लोक दोन रविवार बोलतील.

मुलीशी बोला, पण माफी मागायला, समजवायला नाही. दोन गोष्टींची नावं घेऊन मागा: प्रार्थनेत तुझं नाव घेऊन तुला खाली पाहायला लावलं, आणि तुझ्यावर हात उचलला. त्यापुढे "पण" नको. "तुझ्या भल्यासाठीच" नको. बायबलचं वचन नको. तिने उत्तर द्यावं अशी अपेक्षाही नको. ती "बरं" म्हणून मोबाइल घेऊन बसेल, तर बसू द्या. माफी धाकट्यासमोरही मागा, कारण त्याने सगळं पाहिलं आहे आणि बाप कसा असतो हे तो शिकतो आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की अर्पण वेदीशी ठेवून आधी भावाशी समेट कर. आपण ते मंडळीतल्या भांडणांपुरतं वाचतो. पोटच्या पोरीला ते लागू नाही असं त्यात कुठे नाही.

तिच्या मैत्रिणी कोण आहेत हे तुम्हाला खरंच ठाऊक आहे का? पत्रात "वाईट संगत" आहे, पण एकही गोष्ट नाही. त्यांना घरी जेवायला बोलवा. अतिथिप्रिय असावा, हेही त्याच यादीत आहे.

कौटुंबिक प्रार्थना बंद करू नका, पण काही महिने ती दुसऱ्याच्या हाती द्या. पत्नी घेईल, मुलगा घेईल. तुम्ही फक्त स्वतःसाठी मागा, मोठ्याने, त्यांच्यासमोर. "आज मी जेवताना ओरडलो, मला क्षमा कर" एवढं वाक्य बापाच्या तोंडून ऐकलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलीला बसायची सक्ती नको. दार उघडं असू द्या.

आणि पत्नीला विचारा: "मी घरी आल्यावर तुम्ही काय बोलायचं थांबवता?" ती सांगेल तेव्हा खुलासा देऊ नका. तुम्हाला खुलासा सुचेल, दर वाक्याला सुचेल. याकोबाने ऐकायला घाई आणि बोलायला, रागवायला उशीर करायला सांगितलं आहे, ते याच क्षणासाठी आहे असं समजा. दुसऱ्या दिवशीही तिला त्याची किंमत मोजावी लागता कामा नये.

राग अंगात चढताना कळतो. जबडा आवळतो, कान तापतात. त्या वेळी घराबाहेर पडून एक फेरी मारून येणं हे पळणं नाही, फक्त "येतो थोड्या वेळात" असं सांगून जा आणि खरंच या. हे वर्षानुवर्षांचं वळण आहे. प्रार्थनेने ते बदलेल यावर माझा विश्वास आहे, आणि समुपदेशकाकडे जाणं हा त्या विश्वासाचा कमीपणा नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पुन्हा एकदा हात उचलला गेला, तर मात्र वाट न पाहता जा.

तुमच्यासारख्या घरांतल्या ज्या बहिणी हे वाचत आहेत, त्यांनाही चार शब्द सांगायचे आहेत. पत्नींनी अधीन असावं हे वचन तुम्हाला अनेकदा ऐकवलं गेलं असेल. त्याच्या आधीच्याच ओळीत एकमेकांच्या अधीन राहा असं आहे, आणि पतीला ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करायला सांगितलं आहे. मार खात राहणं म्हणजे वधस्तंभ वाहणं नव्हे. मारहाण होत असेल तर पाळकांनी "प्रार्थना करा, सहन करा" म्हटलं म्हणून थांबू नका. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ख्रिस्ती घरांनाही लागू आहे. आधी सुरक्षित व्हा, क्षमेचं नंतर पाहता येईल.

बंधू, यातलं किती किती दिवसांत होईल ते मी सांगू शकत नाही. मुलगी आता अकरावीला जाईल. ती पुण्याला होस्टेलवर राहायचं म्हणते असं तुम्ही ओझरतं लिहिलंत आणि "ते शक्य नाही" असंही. तो निर्णय आज घेऊ नका. तिला का जायचंय हे तिच्या तोंडून पूर्ण ऐका. घरापासून दूर जायचंय म्हणून जात असेल तर तुम्हाला ते कळायला हवं, आणि शिकायला जात असेल तर तेही.

पाळकांना नकार कळवायचाच आहे, तर "वेळ नाही" हे कारण देऊ नका. घरात काही नीट करायचं आहे, असं सांगा. किती सांगायचं हे जाण्याआधी पत्नीशी ठरवा, आणि मुलीचं नाव तिला विचारल्याशिवाय तिथे घेऊ नका.